मासे परत आले त्या आठवड्यात

मुंचार बंदराचा दिवस सूर्यावर उजाडत नसे, भोंग्यावर उजाडायचा. होड्या धक्क्याला लागल्या की कारखान्याचा भोंगा वाजायचा. मग पहाट असो, भर दुपार असो, की कुणाच्या लग्नाची पंगत बसलेली असो. बायका हातातलं काम टाकायच्या, सुरी पिशवीत घालायच्या आणि डोक्याचा रुमाल सारखा करत निघायच्या. लेमुरू म्हणजे तारलीच. तिला उन्हात थोडा वेळ ठेवलं की तिचं पोट फुटतं. त्यामुळे गाव माशाच्या मागे धावायचं. मासा गावासाठी कधी थांबला नाही.

पाक गुनादींचा डबाबंद मासळीचा कारखाना तीन पिढ्या असाच चालला. मानाच्या पुरुषाला पाक आणि बाईला बू म्हणायची तिथली रीत. टोमॅटोच्या रसातली तारली, लाल डबा, त्यावर पिवळी होडी. मग तारली यायची थांबली. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, पाणी तापलंय. दुसऱ्या वर्षी म्हणाले, समुद्राचा नैवेद्य कुणीतरी चुकवला. तिसऱ्या वर्षी कुणीच काही म्हणेना. पलीकडच्या दोन कारखान्यांपैकी एकाला कुलूप लागलं, दुसरा कसाबसा तग धरून होता. पाक गुनादींच्या कारखान्यात भोंग्यावर कबुतरं बसायला लागली.

अशा दिवसांत त्यांनी तितिसला बोलावून घेतलं.

तितिस प्रबंदारी तिथे माल तपासायची. वय चव्वेचाळीस, अंगानं किडकिडीत, बोलायला सरळ. तिनं एखादी खेप नापास केली की ती पास करण्याची खुद्द मालकाचीही टाप नसे. वीस वर्षांत तिनं बऱ्याच खेपा नापास केल्या होत्या आणि बरेच लोक दुखावले होते. पण मुंचारचा डबा खाऊन कुणी आजारी पडलं, असं मात्र एकदाही झालं नव्हतं.

"बस," पाक गुनादी म्हणाले. "कॉफी घे. नको म्हणू नकोस, बोलणं लांबणार आहे."

तिनं कॉफी घेतली.

"दोन रस्ते आहेत. ही जागा विकायची, सुराबाया शहरातला एक हॉटेलवाला केव्हाचा टपून बसलाय. नाहीतर कारखाना बदलायचा. माझ्या एका मित्राची यात्रा कंपनी आहे, लोकांना उमराच्या यात्रेला घेऊन जातो. तो सांगत होता, आपली माणसं मक्केला जातात, पहिले दोन दिवस अगदी भक्तीत असतात आणि तिसऱ्या दिवशी घरच्या जेवणासाठी रडायला लागतात. म्हणाला, गुनादी, तू यांना गावचं जेवण डब्यात भरून दे, जितके देशील तितके मी घेतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मासा बाहेरून येईल, बर्फातला कुपा. तो तारलीसारखा रुसत नाही. चव आपली. मसाला आपला."

"म्हणजे भोंगा बंद."

"भोंगा बंद. पाळ्या सुरू. सगळंच बदलेल. कामाची वेळ, पगार, हातांची सवय."

"आणि हे करणार कोण?"

"तू."

तितिसला हसू आलं. "पाक, मी आयुष्यभर लोकांना फक्त नाही म्हणत आलेय."

"म्हणूनच. तुझं नाही खोटं नसतं हे गावाला माहीत आहे. आता तू हो म्हटलंस तर तेही खरं मानतील."

तिनं विचार करायला आठ दिवस मागितले आणि दुसऱ्याच दिवशी येऊन हो म्हणून गेली. घरी नवरा म्हणाला, "आठ दिवसांचं काय झालं?" ती म्हणाली, "रात्रीच सगळं मनात मांडून झालं होतं. उगीच सात दिवस वाया का घालवू?"

सुरुवात मात्र फसली. पाक गुनादींनी सुराबायाहून ब्रामांत्यो नावाचा एक सल्लागार आणला. चांगला मुलगा होता, कष्टाळू होता, फक्त त्याचा चित्रांवर फार विश्वास होता. जेवणाच्या हॉलमध्ये त्यानं पडद्यावर रंगीत बाण दाखवले: आज आपण इथे आहोत, वर्षभरानं तिथे असू. दीडशे बायका आणि चाळीस पुरुष मान डोलवत बसले. काही शंका? नाही. काही अडचण? नाही जी. शेवटी खोबऱ्याच्या वड्या वाटल्या आणि सगळे खूश होऊन घरी गेले.

महिना उलटला तरी नव्या टेबलांवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. शिकवणीला चार बायका आल्या. त्यातली एक वड्या आहेत का बघायला आली होती.

तितिस उत्पादनप्रमुख पाक मिस्नादींकडे गेली. पस्तीस वर्षं भोंग्याची किल्ली त्यांच्याच गळ्यात होती. वाऱ्याचा वास घेऊन ते सांगत, होड्या किती भरून येणार.

"पाक, सभेत कुणीच विरोध केला नाही. तुम्हीही नाही."

"पाहुण्यासमोर कशाला विरोध करायचा, बू तितिस? बिचारा एवढ्या लांबून आलेला." मिस्नादींनी लवंगेची सिगरेट पेटवली. "त्याचे ते बाण बघितले मी. सगळे उजवीकडे जात होते. आमचा समुद्र डावीकडे आहे."

"तो समुद्र तीन वर्षं रिकामा आहे."

"समुद्र उसनं ठेवत नाही. परत देतो."

"कधी?"

"ते त्याला विचारा."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी ती तळलेली केळी घेऊन बू सहातींच्या दारात उभी राहिली. सहाती म्हणजे माशांच्या टेबलांची राणी. तिची सुरी फिरताना दिसत नसे, नुसती डोकी एका बाजूला आणि मासे दुसऱ्या बाजूला पडत. वयानं मोठी, म्हणून तितिसही तिला बू म्हणे. ती मात्र तितिसला लहानपणापासून ओळखत होती आणि म्बाक म्हणे, ताईसारखंच ते.

"ये म्बाक. चप्पल तिथेच राहू दे, कोंबड्या नेत नाहीत."

"बू, तुम्ही शिकायला का नाही आलात?"

"कोण म्हणतं नाही आले? मनानं आले होते."

"मनानं मासा शिजत नाही."

सहाती हसली आणि खलबत्ता बाजूला सारला. "खरं सांगू? तुझा तो सुराबायावाला म्हणाला, सकाळी सातला या, तीनला जा. सातला माझी नातवंडं शाळेत कोण सोडणार? त्याचा बाण?"

"भोंगा तर रात्री-बेरात्री वाजायचा. तेव्हा कोण सांभाळायचं?"

"भोंगा गल्लीला वाजतो गं. मी निघाले की समोरची बघते, ती निघाली की तिची सासू बघते. कुणाला सांगावं लागत नाही, कान सगळ्यांनाच आहेत. तुझं घड्याळ फक्त माझ्या एकटीच्या मनगटावर वाजणार. आणि दुसरं ऐक. आजवर मी टोपलीवर पैसे घेत आले. माझे हात भरभर चालतात म्हणून गावात मला मान आहे. उद्या रोजावर बसवलंस की मी आणि ती ढिम्म सुलिया, दोघी एकाच मापाच्या. मला नाही चालणार ते."

तितिस केळी खात ऐकत राहिली. तिथे तिनं काहीच वचन दिलं नाही. घरी जाताना मात्र ती वाकडी वाट करून गल्ल्या-गल्ल्यांतून हिंडली. कुणाचं दार कुणाच्या दारासमोर आहे, कुठल्या ओट्यावर कुणाची पोरं खेळतायत, कुठे म्हातारी माणसं आहेत आणि कुठे नाहीत, हे बघत. दोन आठवडे तिनं हाच उद्योग केला. लोक म्हणायला लागले, हिला जनगणनेचं काम मिळालंय.

मग ती पाक गुनादींसमोर जाऊन बसली. पाळ्या माणसांप्रमाणे नाही, गल्लीप्रमाणे लावायच्या, ती म्हणाली. प्रत्येक गल्लीतल्या अर्ध्या बायका सकाळी, अर्ध्या दुपारी; म्हणजे मुलांकडे बघायला समोरची घरी असेलच. कुणी कुठल्या पाळीत जायचं ते गल्लीनंच ठरवायचं. ज्यांचा हात उत्तम त्यांना उत्तम काम आणि त्याचा वेगळा भत्ता. कापण्यात नाही, चवीत आणि भरण्यात. आणि ब्रामांत्योला मानानं निरोप द्यायचा.

"झालं?"

"एक राहिलं. मी घेतलेला निर्णय तुम्ही माझ्यामागे बदलायचा नाही. बदलायचाच असेल तर मला समोर बसवून बदला."

पाक गुनादी खदखदून हसले. "माझ्या बायकोनंही लग्नात एवढं मागितलं नव्हतं."

"त्यांना कारखाना बदलायचा नव्हता."

त्यांनी शब्द दिला.

मिस्नादींनाही तिनं विचारलं, अगदी मनापासून. नवी लाइन तुम्ही बघा, तुमच्याइतकी वाफ इथे कुणाला कळत नाही. म्हाताऱ्यानं सिगरेट विझवली. मग म्हणाला, "मला खोटं बोलता येत नाही, बू. मी आलो तर माझं अंग येईल, मन धक्क्यावर राहील. जुनी लाइन माझ्याकडे असू द्या. तारली आली तर कुणीतरी हवंच." तिला त्याचा राग आला नाही. जो तोंडावर नाही म्हणतो, त्याच्यामुळे निदान आपण कुठे उभे आहोत हे तरी कळतं.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते तिला नंतर नीट आठवेना. टेबलांवरचं प्लास्टिक निघालं. कोल्ड स्टोरेज उभं राहिलं. गल्ल्यांनी पाळ्या ठरवताना एवढी भांडणं केली की दोन जावा आठवडाभर बोलत नव्हत्या, पण ठरवल्या. सहाती चवीची प्रमुख झाली आणि पहिल्याच दिवशी तिनं मसाल्यात एवढ्या मिरच्या घातल्या की मालकांना उचकी लागली. "मक्केत म्हातारी माणसं जातात, बू," तितिस म्हणाली. "त्यांना देवाघरी तुम्ही पाठवायचं नाहीये." सहाती फुणफुणली, पण गवती चहा, कच्ची हळद आणि कुटलेली मेणबदामाची तेलकट बी घालून तिनं असा रस्सा केला की हॉलमध्ये वास सुटला तसा पहारेकरी फाटक सोडून आत आला.

सुलियाला डबे भरायला बसवलं. मंद होती, पण तिचा प्रत्येक डबा वजनात चोख असायचा.

पहिली मागणी आली. यात्रेकरूंचा मोठा जथा निघणार होता, गुरुवारी सुराबायाची गाडी माल न्यायला येणार होती. सोमवार नीट गेला. मंगळवारी सकाळी शेवटचे डबे भरणं चालू असताना धक्क्याकडून आरडाओरडा ऐकू आला.

आधी तितिसला वाटलं, कुणी बुडालं. पण ओरडण्यात हसू होतं. पहारेकरी धावत आला. "बू! लेमुरू! होड्या बुडतील एवढी लेमुरू! अख्खी खाडी चांदीची झालीय!"

हॉलमध्ये एक क्षण सगळे हात थांबले. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

तीन वर्षांनंतर वाजत होता. कबुतरं फडफडत उडाली. तो आवाज छातीत घुसला, तितिसच्याही. तीही याच गावची. तिची आई हाच भोंगा ऐकून तान्ह्या तितिसला शेजारणीच्या मांडीवर टाकून पळाली होती. एका बाईनं ॲप्रन सोडला. दुसरीनं सोडला. कुणीतरी आनंदानं रडतच होतं.

तितिस टेबलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. ती ओरडली नाही, पण तिचा आवाज सगळीकडे पोहोचला.

"जिला जायचंय तिनं जावं. मी कुणाचा हात धरणार नाही आणि नंतर कुणाला टोचूनही बोलणार नाही. पण हे डबे उघडे आहेत. यांना आता झाकण लागून ते कुकरमध्ये गेले नाहीत तर सगळे फेकावे लागतील, आणि गुरुवारी गाडी रिकामी जाईल. मला राहणाऱ्या बायका हव्यात, अडवून ठेवलेल्या नकोत."

अर्ध्याहून जास्त बायका गेल्या. सहाती दारापर्यंत गेली, वळली, तितिसकडे बघितलं. तिचा चेहरा कसनुसा झाला होता. मग तीही गेली.

ते तितिसला लागलं. पण लागून घ्यायला सवड नव्हती. मागून एक संथ आवाज आला.

"झाकणांची पेटी इकडे सरकव गं कुणीतरी."

सुलिया होती. जागची हललीसुद्धा नव्हती.

"तुम्ही नाही गेलात, सुलिया?"

"मला धावायला कधीच आवडलं नाही, बू," सुलिया म्हणाली आणि पुढचा डबा तराजूवर ठेवला.

तितिसनं बाह्या वर केल्या. ऑफिसमधले कारकून बोलावले, ड्रायव्हर बोलावला, पहारेकरी तर आलेलाच होता. सुलिया बसल्या जागेवरून त्यांना हुकूम सोडत होती: तू पूस, तू मोज, तू फक्त मध्ये येऊ नकोस. डबे बंद होऊन कुकरांकडे गेले. कुकर म्हणजे घरातल्यासारखेच, फक्त आत माणूस उभा राहील एवढे. पहिला भरला, दार आवळलं, वाफ सोडली. दाबाचा काटा अर्ध्यावर येऊन अडकला.

तितिसला कळायला वेळ लागला नाही. कारखान्यात बॉयलर एकच. मिस्नादींनी जुन्या लाइनची वाफ उघडली होती.

ती तशीच, हाताला मसाला लागलेला, मालकांच्या खोलीत गेली. तिथे मिस्नादी होते. दहा वर्षांनी तरुण दिसत होते. खुर्चीत हाजी सुनार्वी बसला होता, गावातल्या सगळ्यात मोठ्या होड्यांचा मालक, लुंगी अजून ओली, टोपीवर खवले. आणि पाक गुनादींच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आली बघ, तितिस! आली!" ते म्हणाले.

"बघितलं, पाक. तुम्ही हाजींना काय सांगितलंत?"

ते जरा चाचरले. "म्हटलं... घेऊ."

"किती?"

"सगळी," सुनार्वी म्हणाला. "याच्या आजोबांनी माझ्या बापाला शब्द दिला होता. सुनार्वीच्या होडीत जे येईल ते गुनादीच्या दारात उतरेल. या शब्दावर दोन घरं जगली, पोरी."

"पाक," तितिस म्हणाली, "मला समोर बसवून बदलणार होतात."

मग पाक गुनादींनी स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"वाफ एकच आहे," ती बसत म्हणाली. "ती तारलीला द्या, नाहीतर यात्रेकरूंच्या डब्यांना. दोन्हीकडे अर्धी-अर्धी दिली तर दोन्हीकडचा माल कच्चा राहील, आणि कच्चा डबा मी या फाटकाबाहेर जाऊ देणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"यात्रेकरू पुढच्या महिन्यातही जातील," मिस्नादी म्हणाले. "तारली आज आलीय."

"आणि परवा जाईल. पाक मिस्नादी, मला खोटं ठरवा. सांगा की ती राहणार आहे. तुम्ही सांगितलंत तर मी मानेन."

मिस्नादींनी खिडकीबाहेर बघितलं. नाकपुड्या फुगल्या, वाऱ्याचा वास घेतला. पण त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

"हाजी," ती सुनार्वीकडे वळली, "कोल्ड स्टोरेजमध्ये मावेल तेवढी तारली आत्ता, याच क्षणी घेते. रोख. बाकीची पलीकडच्या कारखान्याला द्या, ते हात पसरून उभे असतील. आणि तारली गेल्यावरही माझ्याकडे या. मला वर्षभर कुपा लागणार आहे. लांबून मागवण्यापेक्षा तुमच्याकडून घेईन, ठरलेल्या भावानं. फक्त होडीतच बर्फात घालून आणायचा."

"बर्फात!" सुनार्वी ताडकन उठला. "मी कोळी आहे, आइस्क्रीमवाला नाही! गुनादी, तू बोल. हा कारखाना तुझा आहे का हिचा?"

पाक गुनादी खिडकीशी गेले. बाहेर बायकांचा गलका, टोपल्यांचा आवाज, माशांचा ताजा वास. त्यांचं सगळं बालपण त्या खिडकीखाली उभं होतं. शेवटी ते म्हणाले, "ती म्हणते तसं, हाजी. मला माफ कर."

सुनार्वी दार आपटून गेला, पण कोल्ड स्टोरेजपुरती तारली उतरवून आणि बाकीची पलीकडे घेऊन. मिस्नादींनी गळ्यातली भोंग्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"मग माझं इथे काम उरलं नाही, बू. पलीकडे मला घेतील."

"घेतील. तुमच्यासारखा माणूस कोण सोडेल?" तितिस उभी राहिली. "पाक, तुमची खुर्ची मी रिकामी ठेवत नाही. पण दार उघडं आहे."

"हे बरं बोललात," ते म्हणाले आणि खाली मान न घालता गेले. जाता जाता जुन्या लाइनची वाफ त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली. काटा वर चढला.

गुरुवारी गाडी भरून गेली.

पुढचे दिवस सोपे नव्हते. पलीकडच्या कारखान्याचा भोंगा दिवसरात्र वाजत होता, गेलेल्या बायका तिथेच मासे कापत होत्या. गावात पैसा खुळखुळत होता, चहाच्या टपऱ्यांवर लोक तितिसच्या नावानं हसत होते. "लक्ष्मी दारात आली आणि या बाई म्हणाल्या, आज जागा नाही." पाक गुनादी संध्याकाळी खिडकीशी उभे राहून तो भोंगा ऐकत, सोडून गेलेल्या बायकोच्या दुसऱ्या लग्नाचा बँड ऐकावा तसे. त्यांनी तितिसला एका शब्दानंही बोल लावला नाही. एकदा ती स्वतःच म्हणाली, "पाक, माझं चुकलं असेल तर?"

"तर दोघं मिळून हॉटेलवाल्याकडे जाऊ," ते म्हणाले. "मी फाटकावर उभा राहीन, तू त्यांची सांबालची चटणी नापास कर."

सहाती दुसऱ्याच दिवशी परत आली होती. दाराशी घुटमळत म्हणाली, "म्बाक, डोकं म्हणत होतं थांब. हातांनी ऐकलं नाही. चाळीस वर्षांची खोड."

"रस्सा चाखायला जीभ लागते, बू. ती आणलीत ना?"

"आणलीय."

"मग आत या. पण आज सुलियाला विचारून बसा. जागा ती लावते."

"सुलियाला?" सहातीनं आभाळाकडे बघितलं. "काय दिवस दाखवलेस रे देवा!" पण विचारलं.

तारली पंधरवडाही टिकली नाही. शेवटी शेवटी तर एवढी आली की भाव कोसळला आणि कितीतरी मासा कुजून कोंबडीच्या खाद्यात गेला. एका सकाळी होड्या रिकाम्या आल्या, दुसऱ्या सकाळीही, आणि मग समुद्र पहिल्यासारखा कोरडा ठणठणीत. गेलेल्या बायका एकेक करून परत येऊ लागल्या. तितिसनं कुणाला टोचलं नाही. सुलियानं थोडं टोचलं, पण हळू. सुराबायाहून निरोप आला की डबे मक्केत पोहोचेपर्यंतच निम्मे संपले, माणसं विमानतळावरच उघडून बसली. पुढची मागणी दुप्पट होती. कोल्ड स्टोरेजमधली तारली हळदीच्या रश्श्यात घालून सहातीनं दुसरा डबा तयार केला, तो पहिल्यापेक्षाही चालला.

मिस्नादी परतले नाहीत. पलीकडचा कारखाना पुन्हा मंदावला, तरी ते तिथेच राहिले. रस्त्यात भेटले की तितिस त्यांना वाफेबद्दल काहीबाही विचारी आणि ते तिला अगदी खरं सांगत.

हाजी सुनार्वी मात्र आला. रुसून तीन महिने काढले, मग एका दुपारी फाटकापाशी टेम्पो थांबवला. मागे निळ्या पेट्या, पेट्यांत बर्फ, बर्फात कुपे.

"आहेत का मॅडम?" त्यानं पहारेकऱ्याला विचारलं. "सांग, आइस्क्रीमवाला आलाय."

वर्षअखेरीला तितिसनं जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. दुसऱ्या हॉलमध्येही नवी लाइन टाकायची, तिथे कोंबडीचे डबे करायचे, असा तिचा आणि पाक गुनादींचा बेत होता. ती बोलायला उभी राहिली, तोच मशिदीजवळच्या गल्लीतल्या बायका उठल्या. शुक्रवारची दुपारची पाळी आम्हालाच का? मग बाजारगल्लीवाल्या उठल्या: तुम्हाला ईदला सुट्टी आधी मिळाली, ते विसरलात? कुणी म्हणालं, भरण्याच्या टेबलावर पंखा लागत नाही. कुणी म्हणालं, पंखा लागतो पण त्याचा वारा फक्त सुलियाला. सहाती म्हणाली, हे सगळं राहू द्या, आधी ते आलं कुणी बदललं ते सांगा, परवाच्या रश्श्याला दम नव्हता.

पाक गुनादी तितिसच्या कानाशी वाकले. "हे काय चाललंय? बिनसलं की काय?"

"नाही पाक," तितिस म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. "घर आपलं वाटलं की माणसं भिंतीच्या रंगावरून भांडतात."

तिनं खडू उचलला, फळा पुसला आणि हॉलकडे तोंड केलं.

"एकेकीनं बोला. आधी शुक्रवार, मग पंखा, मग आलं. कोंबडीचं त्यानंतर. आणि सहाती बू, तुम्ही खाली बसा, तुमचा नंबर तिसरा आहे."

"तिसरा?" सहाती म्हणाली. "आल्याशिवाय कोंबडी शिजणार आहे का? पहिला घे."

हॉलमध्ये हशा पिकला, आणि तितिसनं फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं: आलं.